कोणाला कोणतं पुस्तक

२ जून १९५८, सोमवार
विकास ब्लॉकच्या मोटारीनं चांद्याहून पुस्तकांची पेटी आली. एकशे बारा नग. बरोबर आलेल्या ब्लॉकच्या साहेबांनी किल्ली माझ्या हातात दिली. एटापल्लीत दुसरं होतं तरी कोण? मॅट्रिकला नागपुरात दोनदा बसलेला माणूस इथं मी एकटा. आजपासून मी ऑनररी लायब्रेरियन.
संकल्प : जो जे मागेल ते त्याला द्यायचं नाही. लोकांना स्वतःची आवड कळत नसते. मी माणूस पाहीन आणि पुस्तक ठरवीन.

३ जून
वर्गीकरण पूर्ण. पाऊण तास लागला. कथा-कादंबऱ्या डावीकडे, माहितीची पुस्तकं उजवीकडे. एकही उघडावं लागलं नाही. जाणकाराला कव्हर पुरतं. कादंबऱ्या बायकांना, इतिहास शेतकऱ्यांना, तलावावरच्या मासोळीवाल्यांना संतचरित्रं.

५ जून, सकाळी ९
पहिला वाचक इस्तारी. गेल्या साली जंगलात झाड अंगावर पडून त्याचा एक पाय गेला. शिवणकामाचं पुस्तक मागत होता. बसल्या जागी काही धंदा शिकतो म्हणे. अशा माणसाला टाके आणि काजं देऊन चालत नाही, उभारी द्यावी लागते. एक गृहस्थ पायी हिमालय चढले, त्यांचं प्रवासवर्णन दिलं. कव्हरवर नुसते बूट. त्यानं ते बराच वेळ पाहिलं. म्हणाला, "भाऊ, मले हे काऊन देऊन राह्यले?" डोळ्यांत पाणी होतं. साहित्याची ताकद!

९ जून
वच्छला आली. मासोळीवाल्यांच्या सोसायटीचा पुढारी मुखरू, त्याची बायको. चौथी पास आहे आणि तसं तिला वाटतंही. गेल्या पावसात या तीस घरांनी मिळून तलावात रोहू मासोळीचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, सोडलं होतं. मासोळ्या आता हातभर झाल्या. पण चार दिवस झाले, नुसते ढग येतात, पाऊस नाही, आणि पहाटे मासोळ्या पाण्यावर येऊन तोंड उघडतात. "पेटीत मासोळ्यायचं पुस्तक आहे म्हणते ग्रामसेवक. थे द्या ना भाऊ."
होतं. पातळसं, वर माशाचं चित्र. पण ते उजवीकडचं. डावीकडून चारशे पानांची कादंबरी काढून दिली, कव्हरवर राणी. म्हणाली, "मले गोष्ट नाई पायजे. मासोळ्या मरतीन ना!" मी समजावलं की गोष्टीनं मन हलकं होतं.
गेली. घेऊन गेली, हे महत्त्वाचं.

११ जून
वच्छला पुन्हा हजर. दोन दिवसांत चारशे पानं! मी विश्वास ठेवला नाही. परीक्षा घेतली. तिनं राणीची सगळी हकीकत सांगितली, कोणी कोणाला फसवलं ते नावानिशी. खरी की खोटी, माझ्याकडे कळायला मार्ग नव्हता. "आता तरी मासोळ्यायचं द्या," म्हणाली. मी सांगितलं, बाहेर गेलंय.
खोटं नाही. शिस्त मोडू नये म्हणून मीच घरी आणलं आहे. उद्या चाळून पाहीन.

१२ जून
डोकं जड. वाचन नाही.

१४ जून, सकाळी ७
तलाव पांढरा झाला. या काठापासून त्या काठापर्यंत मासोळ्या पोटं वर करून पडल्या आहेत. बायका पदर नाकाला लावून टोपल्या भरत होत्या, खड्ड्यात ओतत होत्या. तीस घरांची सालभराची मेहनत. मुखरू तलावाच्या पाळीवर बसला होता. मी सांत्वनाला रिकाम्या हातानं गेलो नाही. अनासक्तीवरचं पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं उचलून पाण्यात फेकलं.
सरकारी मालमत्ता! साहेबांकडे आजच लेखी तक्रार केली.

१५ जून, दुपारी
घरात वास येतो म्हणून खिडक्या बंद. करायला काही नव्हतं, तेव्हा ते माशाचं पुस्तक उघडलं. नवव्या पानावर : ढगाळ हवेत पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंड उघडू लागले तर ताबडतोब बांबूंनी पाणी घुसळावे, शक्य असल्यास नाल्याचे ताजे पाणी सोडावे.
एवढंच. तीस घरांना एका सकाळचं काम.
पण भाषा ग्रांथिक आहे. त्यांना कळलं नसतं.
पुस्तक परत पेटीत ठेवलं. अगदी तळाशी.

१८ जून
पावसानं रस्ता बंद व्हायच्या आत साहेब आले. माझ्या तक्रारीसाठी! सगळा गाव शाळेत जमवला. मी मुखरूचं नाव पुकारलं. तर उठली वच्छला. मोठ्यानं नाही बोलली. म्हणाली, "साहेब, मी दोनदा मासोळ्यायचं पुस्तक मागतलं. कोनं नेलं होतं, तेवढं रजिस्टरात पाहा." साहेबांनी पाहिलं. कोणाचंच नाव नव्हतं. मी म्हणालो, पुस्तक पेटीतच आहे. हे बोलायला नको होतं.
पेटी रिकामी केली. वच्छलानं पुस्तक उघडलं, अनुक्रमणिकेवर बोट फिरवत नववं पान काढलं आणि सगळ्यांसमोर वाचलं. एकही शब्द अडला नाही. मला वाटलं, आता आरडाओरडा होईल. पण मुखरू उठून बाहेर गेला. मग बाकीचेही एकेक करून गेले.
किल्ली साहेबांनी तिला दिली. तात्पुरती असणार. ती स्वतःच कंटाळून परत करील.

२५ जून
आज साधा वाचक म्हणून गेलो. तिला अडचण आली तर मार्गदर्शन करावं, हा हेतू. शाळेच्या ओट्यावर रांग होती. ती पुस्तक देतच नाही आधी, विचारत बसते. काय करतोस, काय कळून घ्यायचं आहे, गोष्ट पाहिजे की माहिती. फार वेळ जातो.
माझा नंबर आला. वाटलं, टोमणा मारील. उत्तर तयार ठेवलं होतं. पण तिनं सरळ मनानं विचारलं, "भाऊ, तुमाले कसं आवडते वाचाले? आजवर वाचलं, त्यातलं एखादं सांगा. तसंच पाहून देते."
मी आठवू लागलो. ती पेन्सिल घेऊन थांबली. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. म्हणालो, सांगतो. ती म्हणाली, "सांगा ना, घाई नाई."
मागून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, थोडे बाजूले सरका."
सरकलो.