तनयला दिलेले ग्रेस मार्क

पंचवटी, नाशिक
मंगळवार, दुपारचे अडीच

तीर्थस्वरूप अनसूयाक्का,

साठ पोरं एका चालीत कविता म्हणू लागली की आमच्या वर्गावरचे पत्रे थरथरायचे आणि टेबलावरचे खडू घरंगळत खाली यायचे. तो आवाज काल सकाळपासून माझ्या कानातून जात नाही. (त्या नादात आज दूध उतू गेलं. संपदा काही म्हणाली नाही. सूनबाई हल्ली मला काहीच म्हणत नाहीत, त्याचं कारण पुढे येईल.) पण आधी नमस्काराचं उरकतो, नाहीतर म्हणशील, मास्तर झाला आणि रीत विसरला. तुझ्या पायांवर डोकं ठेवलं आहे असं समज. प्रत्यक्षात गुडघे वाकत नाहीत, म्हणून टेबलावरच ठेवलं. तुझा रक्तदाब, ऑपरेशन झालेला डोळा आणि भाऊजींचा स्वभाव, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. फोन करत नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि स्पीकर लावून अर्ध्या चांदवडला ऐकवतेस.

विषय आपल्या तनयचा. नातू दोन वर्षं चार महिन्यांचा झाला. चालायलाच वीस महिने लावले, बोलणं अजून सुरू नाही, हाक मारली तर वळत नाही. (कान तपासून झाले, उत्तम आहेत.) काही हवं असलं की माझं बोट धरून त्या वस्तूपर्यंत नेतो आणि माझा हात तिच्यावर ठेवतो, जणू मी स्वयंपाकघरातली सांडशी आहे. हसतो मात्र असा की सकाळी फिरायला जायचं राहून जातं. आता यावर नाशिक शहराचं काय म्हणणं आहे ते ऐक. या शहरात प्रत्येकाच्या घरात एक तरी उशिरा बोललेला मुलगा आहे आणि तो पुढे कलेक्टर झालेला आहे! इतके कलेक्टर असते तर रस्त्यावर चालायला जागा उरली नसती. समोरच्या ललिताबाईंनी सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवायला सांगितलं. (अंगठी आपली, मध त्यांच्या भाच्याकडून विकत.) घाटावरच्या माझ्या मित्रमंडळाने देवळाला घंटा वाहायचा ठराव एकमताने मंजूर केला. त्यातल्या तिघांना घंटा वाजलेली ऐकू येत नाही. आणि मयुरेश, माझा चिरंजीव! गाडी घेताना सात शोरूम पालथ्या घातल्या, दोन महिने रात्रंदिवस मायलेज बोलत होता. मुलाचा विषय निघाला की म्हणतो, होईल आपोआप.

एकट्या संपदाने शोधाशोध केली. गंगापूर रोडला लहान मुलांच्या विकासाचं एक केंद्र आहे, तिथे वाढीत मागे पडणाऱ्या मुलांवर अगदी लहानपणापासून काम करतात आणि आईबापांनाही शिकवतात. तिने ऑफिसातून रजा काढून पहिल्या तपासणीची वेळ मिळवली आणि सामान धरायला मला बरोबर नेलं. इथेच तिचं चुकलं. आमचा नंबर पुकारला आणि नेमकी त्याच क्षणी तनयचे कपडे बदलायची वेळ आली. ती त्याला घेऊन न्हाणीघराकडे पळाली आणि मला म्हणाली, अण्णा, तुम्ही नुसते आत बसून राहा.

आत दिशा नावाची मुलगी, माझ्या शेवटच्या बॅचच्या वयाची, समोर छापील प्रश्नपत्रिका. वीस प्रश्न! अक्का, चौतीस वर्षं मी पेपर तपासले. वीस प्रश्न आणि समोर रिकाम्या चौकटी दिसल्या की माझ्या अंगात काय संचारतं ते तुला माहीत आहे. म्हणाली, आई येईपर्यंत घरातल्यांकडून काही माहिती भरून घेऊ. नावाने हाक मारली की बघतो का? मी म्हटलं, हो. (बघतो. पंख्याकडे बघतो, पण बघतो.) हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का? हो. (बोट माझं असतं, पण दाखवतो तोच.) आधार घेऊन जिना चढतो का? हो. (माझ्या कडेवर बसून, माझ्याच आधाराने.) दोन शब्द जोडून बोलतो का? हो. (दिवाळीला एकदा 'आ' म्हणाला होता आणि भाऊबीजेला 'बा'. ते मी जोडले.) संपदा परत येईपर्यंत ती दिशा अठराव्या प्रश्नावर होती आणि नातू पहिल्या वर्गात. संपदा धापा टाकत काही सांगू लागली तर मीच म्हटलं, अगं झालं सगळं, छान गेला पेपर. तनयने त्या खोलीत एक ठोकळा उचलून दुसऱ्यावर ठेवला, तेही आयुष्यात पहिल्यांदा, त्यामुळे माझ्या साक्षीला बळकटी आली. कागदावर शेरा मिळाला: वयाप्रमाणे ठीक, सहा महिन्यांनी यावे.

मी येताना पाव किलो पेढे घेतले. संपूर्ण बिल्डिंगला वाटले! वाटून वर आलो तर संपदा तो कागद मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "अण्णा, तिथे पास होणाऱ्याला घरी पाठवतात. नापास होणाऱ्याला शिकवतात." त्यानंतर आठ दिवस एक अक्षर नाही. मला मनातून रागच आला. म्हटलं, आजच्या मुलींना सासऱ्याच्या मायेची किंमत नाही. (हे वाक्य मी घाटावरही म्हणून दाखवलं. त्या बहिऱ्यांनी मान डोलावली.)

काल सकाळी भाजीबाजारात गेलो. गिलक्यांच्या ढिगामागून एक बाप्या उठला आणि भर गर्दीत माझ्या पाया पडला. "सर, वळखलं का? राजू. शेवटच्या बाकावरचा." ओळखलं नव्हतं, पण मग तो आवाज आला ना, साठ पोरांचा, आणि त्यात हा, ज्याचे फक्त ओठ हलायचे. त्याला कविता येत नव्हती, वाचताही येत नव्हतं. मी दरवर्षी ग्रेस मार्क देऊन वर ढकलला. वर्गात माझ्या मनाच्या मोठेपणाची चर्चा असे. (मीच करत असे.) राजूने गल्ल्यातून बँकेचा कागद काढला आणि म्हणाला, "येवढं वाचून द्या सर. पोरगी शाळंत गेलीय, नायतर तीच वाचती." मी वाचला. मग चेष्टेत विचारलं, अरे, माझ्या हाताखाली शिकलास ना तू? तो हसला, तक्रारीचा लवलेशही नव्हता. "तुमी लय चांगले व्हते सर. दर साली पास करायचे. मंग पुढं कोणाला कळलंच नाय का याला येत नाय."

गिलकी त्याने फुकट दिली. ती पिशवी मला घरापर्यंत उचलवेना.

आज सकाळी मी एकटाच रिक्षाने त्या केंद्रात गेलो आणि दिशाबाईंसमोर उभं राहून कॉपी कबूल केली. अक्का, चौतीस वर्षांत मी कोणाला कॉपी करू दिली नाही, हे लक्षात घे. मला वाटलं, पोरगी भडकेल. तिने चहा मागवला. म्हणाली, "आजोबा, रोज एक तरी येतं तुमच्यासारखं. आजी असतील तर दोन." मग नीट समजावलं. इथे कोणी पास-नापास करत नाही, मूल कुठल्या पायरीवर आहे ते बघतात, म्हणजे पुढची पायरी कळते. मेंदू कोवळा आहे तोवर एकेक महिना मोलाचा. केंद्रात आठवड्यातून एक तास, बाकी सगळं घरात, खेळताना, जेवताना, आंघोळ घालताना. मी उत्साहाने विचारलं, याला रोज कविता म्हणून दाखवू का? म्हणाली, "दाखवा. पण आजोबा, त्याआधी थोडं गप्प बसा." एखादी वस्तू समोर धरायची आणि पाच आकडे मोजेपर्यंत आपण बोलायचं नाही, त्याची वाट बघायची. घरी येऊन मी केळं धरलं. अक्का, पाच आकडे केवढे लांब असतात! दोनपर्यंत माझ्या जिभेवर अख्खी कविता आली होती, ती गिळली. चौथ्या आकड्याला तनयने केळ्यावरून नजर उचलली आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. बोटाकडे नाही, पंख्याकडे नाही. माझ्याकडे. मी केळं देऊन टाकलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

परत तपासणी शनिवारी आहे, नव्या गटात एकच जागा उरली आहे. पण दोन्ही पालक हवेत, कारण घरी करायचं ते दोघांना शिकवतात. आणि मयुरेश येत नाही म्हणतो. सगळ्यांना असाच नमस्कार सांग.

तुझा धाकटा भाऊ,
गोविंद

ता. क. – मूळ मुद्दा लिहायचा राहिला. मयुरेश येत नाही तो तुझ्यामुळे. मागच्या दिवाळीत तू भर पंगतीत म्हणालीस, "गोविंदाही साडेचार वर्षांचा होईस्तोवर मुका होता, आणि मग कोणाला बोलू दिलं नाही." सगळे हसले, मयुरेशने मात्र तो हायकोर्टाचा निकाल मानला. काही म्हटलं की तो तुझं नाव पुढे करतो. मी नीट आठवून पाहिलं. मी तीन वर्षांचा असताना चिंचा चोरल्याची तुझी चहाडी आईकडे केली होती आणि तू मार खाल्ला होतास. मुका मुलगा चहाडी कशी करेल? तेव्हा तू त्याला फोन कर आणि तुझं वाक्य मागे घे. शुक्रवारच्या आत. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरा – वर भाऊजींच्या स्वभावाबद्दल आणि तुझ्या स्पीकरबद्दल जे आहे ते तू एकटीने वाच.

ता. क. तिसरा – खाली एक जीप थांबली आहे आणि कोणीतरी ड्रायव्हरला फैलावर घेत आहे. आज रजा घेऊन घरी थांबलेली संपदा अनवाणीच जिन्यावरून धावली, आणि तिला जराही आश्चर्य वाटलेलं दिसत नाही. (म्हणजे हिने परस्पर फोन केला! आणि मी समजत होतो ही गप्प आहे.) अक्का, तू दारात उभी आहेस आणि मी अजून तुलाच लिहितो आहे. तू मला ओलांडून सरळ आत गेलीस, तनयसमोर फरशीवर बैठक मारलीस आणि तिथूनच ओरडते आहेस, "संपदा, मयुरेशला फोन लाव. म्हणावं, आत्या आलीय, खोटं बोलले होते ते सांगायला. आणि गोविंदा, लिहितोयस तो कागद इकडे आण आधी!"