पांढऱ्या धाग्याच्या बिड्या

बाबूजी, माझ्या तोंडाचा रिपोर्ट काल आला. वाईट काही निघालं नाही. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुटलात तुम्ही." त्या हसल्या म्हणून मीही हसले. मग ऑटोनं घरी आले, कपडे बदलले, तांदूळ निवडायला घेतले. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला जरा थांबावं लागतं. पण संध्याकाळी कारखान्यातून येऊन तुम्ही सदऱ्याच्या खिशातून कागदाच्या पुड्या काढताय, हे लगेच दिसतं.

त्या पुड्यांत बिड्या असायच्या. गुजरातचा तंबाखू किती, निपाणीचा किती, हे मिसळण तुम्ही ठरवायचात. नवा माल आला की त्याच्या नमुन्याच्या बिड्या वळल्या जायच्या. सगळ्यांना सारखा पांढरा धागा, वर लेबल नाही, खूण नाही. कुठली बिडी कुठल्या पोत्यातली हे फक्त शेठला ठाऊक. तुम्ही खुर्चीवर बसून एकेक पेटवायची, दोन झुरके घ्यायचे, पाण्यानं चूळ भरायची आणि सांगायचं, ही कडक आहे, ही घशाला लागते, हिचा माल ओला आहे, ही चालेल. गोंदियात त्या वेळी घरटी कुणी ना कुणी बिडीच्या कामात होतं, पण हे काम आमच्या ओळखीत तुमचं एकट्याचं. आईला त्याचा अभिमान होता आणि सदऱ्याच्या वासाचा वैतागही.

मग एकदा दुपारी वरण आंबलेलं होतं. आईनं पहिला घास घेतला आणि ताट बाजूला केलं. तुमचं तोवर जेवण उरकलं होतं. "वरन आंबलं होतं जी, तुमाले समजलं नाई?" असं तिनं विचारलं. तुम्ही हात धुवायला उठलात. 

पुढच्या सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलात, पितळी उपडी करून तिच्यावर बिड्या मांडल्यात आणि मला हाक मारलीत. मी बारावी होऊन घरीच होते. कामठ्याकडचं एक स्थळ आलं होतं, पोरगा पाहून गेला होता, होकार येणार असं सगळे धरून चालले होते.

"बाई, हे ओढून पाय."

आई चुलीपाशी होती. "पोरीले बिडी देता? डोस्कं ठिकानावर आहे का?"

"मले चव नाई येऊन राहिली," तुम्ही म्हणालात. "दिवाळीपासून."

 आई उठली आणि तिनं मागचं दार लावून घेतलं.

"धूर पोटात नोको घेऊ. तोंडात फिरव अन सोड. आता सांग, कुठं लागते? जिभेले का घशाले?"

"सगळीकडंच लागते," मी खोकत म्हणाले. तुम्ही हसला नाहीत. दुसरी पेटवून माझ्या हातात दिलीत.

त्या हिवाळ्यात मी शिकले. एक धूर ओल्या पोत्यासारखा, एक करपलेल्या गुळासारखा, एक नुसता रिकामा. तुमच्याकडे त्यांची नावं होती, माझ्याकडे नव्हती, म्हणून मी असं काहीबाही सांगायची आणि तुम्ही त्याचं तुमच्या भाषेत करून घ्यायचात. शेठला तुम्ही सांगून ठेवलं होतं की कारखान्यात गडबड असते, घरी निवांत ओढून सांगतो. शेठला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी एकदा विचारलं, "दवाखान्यात काऊन नाई जात तुम्ही?" तर म्हणालात, "गेलो त काम सुटल."

आणि मग तो दिवस. परगावचे दोन व्यापारी आले होते, शेठनं ताटात बिड्या मांडून घेतल्या आणि म्हणाला, "यहीं बताओ, अभी." हे मला गोदामवाल्या काकांनी सांगितलं, ते सायकलवर मला न्यायला आले होते. तुम्ही पहिली बिडी पेटवलीत, विझवलीत, आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "शेठ, मले काई समजून नाई राहिलं. माह्या पोरीले बोलवा."

मी सायकलवरून उतरते. ओसरीवर बाया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळताहेत. मला पाहून त्यांचे हात थांबतात. त्यांतल्या कितीतरी जणी घरी बिडी ओढणाऱ्या, पण शेठच्या खुर्चीसमोर बसून पुरुषांच्या देखत कुणी ओढलेली नव्हती. तुम्ही मला तुमच्या खुर्चीवर बसवता आणि बाजूला उभे राहता. मी पेटवते, तोंडात फिरवते, सोडते. ही कडक. ही ओली. ही अन ती पहिली एकाच पोत्यातल्या. प्रत्येक वेळी तुम्ही मान हलवता, आणि शेठही हातातल्या चिठ्ठीकडे बघून मान हलवतो. शेवटचीला मी म्हणते, ही चांगली, ही घ्या. तुम्ही मान हलवता. शेठ हलवत नाही. ती गेल्या सालच्या बुरशी धरलेल्या मालाची होती, मुद्दाम ठेवलेली. व्यापारी हसले. शेठ मात्र माझ्याकडे नाही, तुमच्याकडे बघत राहिला.

"कब से?" त्यानं विचारलं.

"दिवाळीपासून."

"इलाज कराओ. और कल से बच्ची को भेजना. सीख जाएगी."

घरी येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. रेल्वे फाटक बंद होतं, मालगाडी जाईपर्यंत आपण थांबलो. "चांगलं सांगतलंस," एवढंच म्हणालात. मला वाटलं होतं अजून काही म्हणाल.

कामठ्याहून निरोप आला, बिडी ओढणारी पोरगी नको. आई खूप रडली. मी जेवून घेतलं. पुढे कुणी विचारलं, कुणी नाही, मीच मनावर घेतलं नाही.

नागपूरला तुमची अर्धी जीभ काढली. त्याच्या आधी तिथल्या डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की हे बिडीनं झालं, एवढ्या वर्षांच्या धुरानं. मी ऐकलं, तुम्हीही ऐकलंत. ऑपरेशननंतर घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर निघाले होते. तुम्ही खाटेवर बसला होतात. बोलता येत नव्हतं. माझा डबा खिडकीत राहिला होता, तो उचलून तुम्ही माझ्या हातात दिलात. मी घेतला आणि गेले. धानाची कापणी चालली होती तेव्हा तुम्ही गेलात. तेरवी झाली आणि मी पुन्हा त्या खुर्चीवर जाऊन बसले आणि कारखाना बंद पडेपर्यंत बसत राहिले. नंतर सालेकशाकडे अंगणवाडीत लागले, आता तीही नोकरी संपली. आईही गेली.

त्या डब्याबद्दल मी पुष्कळ विचार करून पाहिला. तुम्हाला कळत होतं की मला कुठं धाडताय. घरात दुसरं कुणी कमावतं नव्हतं हेही कळत होतं. या दोन गोष्टी मी समोरासमोर ठेवते आणि बघत बसते. राग यायला हवा, तो येत नाही. दया येईल म्हणून वाट पाहते, तीही नाही. ओसरीवरच्या बायांचे थांबलेले हात तेवढे दिसतात.

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. आईच्या ट्रंकेत जुन्या लुगड्यांखाली ठेवीन. फक्त एक तुम्हाला सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी तपासताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "काकू, बिडी कुणी लावली तुम्हाला?" मी म्हटलं, "कुणी नाही. मीच, हौसेनं." त्यांनी तसं लिहून घेतलं. आणि बाबूजी, घरी येईपर्यंत मलाही ते खरंच वाटत होतं.