आईचे राणीछाप रुपये

शिरूर, २० एप्रिल १९५७

प्रिय हेन्रीदादा, सलाम.

सोळा वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र न फोडताच चुलीत घालू नकोस. मी रागानंच लिहिते आहे, पण या खेपेस राग तुझ्यावर नाही.

या महिन्यात नवे पैसे आले. माझ्या वर्गाला काही केल्या उमगेनात, म्हणून घरातली जुनी नाणी आणायला सांगितली. नकुशी नावाच्या मुलीनं दोन रुपये आणले, एक राणीछाप, दुसरा लढाईच्या सालातला राजाछाप. सवयीनं दोन्ही फरशीवर वाजवले. राणी खणखणली, राजा बद्द वाजला. तसाच रुपया मी एकदा आपल्या जात्यावर वाजवला होता.

शाळा सुटताच सराफाकडे गेले. तो हसून म्हणाला, "बाई, दोन्ही सरकारीच हायेत. राणीच्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. लढाई लागली तवा सरकारनं निम्मीच घातली, आन् जुने समद्यांकडनं माघारी घेतले."

निम्मी चांदी, आणि किंमत तीच! गवळ्यानं दुधात निम्मं पाणी घातलं तर आपण त्याला दारात उभं करत नाही. इथं इंग्रज साहेबानं देशभर तेच केलं, वर हुकूम काढला की मुदतीनंतर राणीछाप चालणार नाही. मिशनच्या स्वयंपाकघरात हात भाजून आईनं जमवलेली चांदी त्यांच्या लढाईपायी कायद्यानं काढून नेली. संताप संताप होतो.

तू दौंडहून रेल्वेची रजा काढून आलास, मुदतीच्या आत तिचे चाळीस रुपये कचेरीत भरलेस आणि चाळीसच नवे तिच्या ओटीत घातलेस. बद्द आवाज ऐकून आईनं ते तसेच डब्यात ठेवले. 'दादानं खरे ठेवून घेतले, आपल्याला खोटे दिले' हे मी बोलले. रविवारी उपासना सुटल्यावर देवळापुढं सगळ्या मंडळीदेखत पुन्हा बोलले. तू त्याच पावली दौंडला गेलास.

साहेब गेला, त्याला आता जाब कोण विचारणार? मी मात्र इथंच आहे. पुढच्या रविवारी त्याच मंडळीपुढं उभी राहून माझा खोटेपणा कबूल करणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. काल आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला हायसं वाटेल. ती म्हणाली, "त्यानं घेतले असते तरी माझंच पोरगं व्हतं. चारचौघांत बोलायच्या आदी तू मला इचारलंस कवा?"

तुझीच,
रूथ