पास झाले त्याबद्दल

छकुले,

काल दुपारी अकाउंटिंगची ऑनलाइन परीक्षा देता देता माझा डोळा लागला आणि उठले तर मी पास झाले होते. उरलेली उत्तरं तू दिलीस, हे न कळण्याइतकी काही मी दमलेली नाही. चिडलेही नाही. पण पास झाल्यामुळे सोमवारपासून ऑफिसात अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरवर मलाच बसायचंय, आणि मी अजून एक्सेलमधली बेरीजसुद्धा कॅल्क्युलेटरवर करून टाकते. म्हणून साहेबांना खरं सांगायला लवकर निघालेय. मग ती खुर्ची कोणालाही देऊ देत.

दूध तापवून ठेवलंय, झाकण टाक.

संध्याकाळी पहिला धडा परत लाव. शेजारी बस, मी चुकले तरी बघत राहा. माउसला मात्र हात लावू नकोस.

आई