कासेचं फडकं

शिवकन्या,

तू सायलीला दवाखान्यातून घेऊन येशील तेव्हा मी घरी नसेन. पोरीला जुलाब झाले ते तुझ्यामुळं नाही, माझ्यामुळं. धार काढताना म्हशीची कास मी ताटं पुसायच्या फडक्यानं पुसायचो आणि तसंच ओलं परत खुंटीवर टाकायचो. डॉक्टरनं विचारलं, "फडकं कशाकशाला वापरता?" तेव्हा मी कासेचं लपवलं. उलट तुझ्या दादाला फोनवर बोंबललो, "बहिणीला सैपाकघर सांभाळता येत न्हाई, घेऊन जा!" तू शेजारीच उभी होतीस. लाज वाटायला पाहिजे होती, ती आता वाटतेय.

सगळी फडकी सोडा टाकून उकळलीत, पत्र्यावर उन्हात वाळतायत. घासणीला वास येत होता, फेकली. नवी ओट्यावर आहे. कासेचं फडकं आता गोठ्यातच राहील.

मी नांदूरघाटला तुझ्या माहेरी चाललोय. दादा चपलेनं हाणतील तर हाणू दे, पण खरं त्यांच्या तोंडावर सांगून येतो.

आई अजून तुलाच बोल लावतेय. "सोम्या कशापायी गेला?" असं तिनं विचारलं, तर ही चिठ्ठी तिला मोठ्यानं वाचून दाखव.

सोमेश्वर