निवडलेली मेथी

मंगळवार, जळगाव. संध्याकाळ

शाळेतून येताना निवडलेल्या मेथीचं पाकीट आणलं. सासूबाई गेल्यापासून भाजी आबा निवडतात. सासऱ्यांना कशाला राबवायचं, हल्ली त्यांची बोटं दुखतात, म्हणून आणलं. पण आबा जुना पेपर अंथरून बसलेच होते. पाकीट दाखवलं. "बरं झालं," म्हणाले आणि पेपरची घडी घालू लागले. उलगडायचे, पुन्हा तीच घडी. मग हळूच, "माह्या निवडण्यात काड्या राह्यत होत्या का, बेटा?"

राहतात. पण मी कधी बोलले का? तोंडावर दिसलं असेल?

तशीच चप्पल घालून कोपऱ्यावरून दोन जुड्या आणल्या. "पाकिटातली खराब निघाली," खोटंच सांगितलं. आबांनी लगेच जुडी सोडली. मीही समोर निवडायला बसले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.