पुसलेलं वाक्य

प्रिय बाबा,

सप्रेम जय भीम. फुलेऱ्याला रेल्वेच्या ड्युटीवर पोचल्याचा फोन तुम्ही आईला केलात, माझ्याशी बोलला नाहीत. इकडे घरी झोटवाड्यात ऊन चढलंय. संकल्पदादानं कूलरची जाळी बदलली. त्याच्यावरचा माझा राग मात्र तसाच आहे.

दादा घरच्या लॅपटॉपवर दुकानाचं बिल शोधत होता, हे खरं. नवं अपडेट आलं, तेव्हापासून लॅपटॉपच आपोआप स्क्रीनचे फोटो काढून ठेवत होता. त्या फोटोंत बिलाबरोबर माझं पत्रही वर आलं, तुमच्यासाठी लिहायला घेतलेलं, अर्धवट. त्यातलं ते वाक्य दादानं तुम्हाला दाखवलं : ‘घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून बाबांनी पेढे वाटले, पण मला शिकवलं ते नुसतं मिरवायला.’ बाबा, ते मी लिहिल्याबरोबर पुसलं होतं. रागात आलं, वाचलं, मलाच पटलं नाही, पुसलं. मशीननं ते जपून ठेवलं.

दादा म्हणतो, लपवण्यासारखं नसेल तर भ्यायचं कशाला? मग न्हाणीचं दार आपण का लावतो? लॅपटॉपच्या कंपनीला फोन केला, तर मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, सेटिंग में जाकर बंद कर लीजिए. बंद करता येतं, मान्य. पण सुरू करताना मला कुणी विचारलं? आईला तर सेटिंग म्हणजे काय हेच ठाऊक नाही, तिनं काय बंद करायचं? आधी विचारा, हो म्हटलं तरच सुरू करा, एवढंच मी त्यांना लिहून पाठवलंय. उत्तर येईपर्यंत पाठवत राहणार. दादा हसतो. हसू दे.

हे मी शिकले कुठे? माझ्या खोलीला दार नाही, आईची जुनी साडी अडकवलेली. मी दहावीचा अभ्यास करत असायचे आणि तुम्ही नाइट करून दमून यायचात, तरी साडीबाहेर थांबून खाकरायचात. मी ‘या’ म्हणेपर्यंत पाऊल आत टाकायचा नाहीत. घर तुमचं, तरीसुद्धा.

म्हणून आता शाईनं लिहिते. यमुनाआत्यानं आणलेलं अकोल्याचं स्थळ मला नको. हैदराबादला एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय, मी जाणार आहे. त्या पत्रात मला हेच सांगायचं होतं. रागवायचं तर यावर रागवा, मी पुसलेल्या वाक्यावर नाही. ड्युटी संपवून रेस्टला घरी याल तेव्हा साडीबाहेर नेहमीसारखे खाकरा. मी ‘या’ म्हणेन.

तुमचीच हट्टी,
सुवर्णा